करपलेल्या भाताचं आमिष

४ फेब्रुवारी

आयुष्यभर बोललो. लिहायची वेळ आली नाही, कारण ऐकणारे समोर असायचे. आता घरात ऐकणारं कोणी नाही म्हणून ही वही. मुलीच्या शाळेतली आहे. पहिल्या चार पानांवर भूमितीच्या आकृत्या आहेत, त्या तशाच ठेवल्या.

बायको जाऊन तेवीस दिवस झाले.

पोटाचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, या बऱ्याच वर्षांपासून नीट जेवत नव्हत्या का? माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात खाण्यापिण्याला कधी काही कमी पडलेलं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. वर तिथल्या व्यवस्थेबद्दल चार गोष्टी सुनावल्या. इतर रुग्णांचे नातेवाईक थांबून ऐकायला लागले. बाईंनी ऐकून घेतलं आणि आत निघून गेल्या.

जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "तळं बुजवायच्या आधी त्यातले मासे तेवढे हलवा." मला वाटलं तापात बोलतेय. हो म्हटलं. नंतर खाटेला लावलेला तक्ता पाहिला, तर ताप नव्हताच.

हो म्हटलंय, म्हणजे करायचं. ठेकेदाराच्या गाड्या एक मार्चला येणार आहेत.

५ फेब्रुवारी

तळं आमच्या मागच्या दारालाच लागून आहे. चार दगडी पायऱ्या उतरल्या की पाणी. ते बुजवा, हे वस्तीला पटवून देणारा मीच. गेल्या वर्षीच्या सभेत पंचेचाळीस मिनिटं बोललो. साचलेलं पाणी, डास, एका पावसाळ्यात तापानं गेलेली तीन लेकरं, आणि त्या जागी उभा राहू शकणारा दवाखाना. "एक दिवसाचा उशीर म्हणजे एका लेकराशी गद्दारी," या वाक्यावर टाळ्या थांबेनात. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. दवाखाना हवाच.

ती शेवटच्या रांगेत बसली होती. परतताना मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "आवाज छान लागला होता."

तळ्यात मासे आहेत हे मी भाषणात सांगितलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. या घरात तीस वर्षं राहतोय, त्या पायऱ्या दहा वेळासुद्धा उतरलो नसेन.

७ फेब्रुवारी

जाळंवाला येऊन पाणी बघून गेला. तळाशी सायकलींचे सांगाडे, गजांचे तुकडे, तारा. जाळं टाकलं की फाटणार. नाही म्हणाला.

मग सलूनवाल्याकडे गेलो. सुट्टीच्या दिवशी तो गळ घेऊन कुठे कुठे बसतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या गळ्याभोवती कापड बांधून त्यानं सगळं ऐकून घेतलं. बोटाएवढे मासे गळाला लावलेत तर अर्धे मरतील, म्हणाला. बाटली वापरा. प्लास्टिकची मोठी बाटली घ्यायची, मान कापायची आणि ती उलटी करून आत बसवायची, नरसाळ्यासारखी. आत आमिष. मासा तोंडातून आत शिरतो, पण परतीची वाट त्याला सापडत नाही.

"तुमच्या सभेसारखंच आहे मास्तर," तो म्हणाला. "आत आला की उठता येत नाही."

दुकानात बसलेले सगळे हसले. मीही हसलो. तेवीस दिवसांत, नाही, सव्वीस दिवसांत पहिल्यांदा.

मासे ठेवायची जागा ठरली. शाळेच्या मागच्या बागेत दगडी टाकी आहे, भरलेली आणि स्वच्छ. माळी म्हणाला, सोडा. त्यालाही कंटाळा येतो नुसत्या पाण्याकडे बघून.

१० फेब्रुवारी

तीन दिवस, सहा बाटल्या. मासे मिळाले दोन.

गांडुळं लावली. कणकेच्या गोळ्या लावल्या. पाव भिजवून लावला. सलूनवाल्याला हे अपमानास्पद वाटायला लागलंय. गांडुळाला तोंड न लावणारा मासा त्यानं पाहिलेला नाही. मग त्यानं घरगुती युक्त्यांची पोतडी उघडली. कणकेत ठेचलेला लसूण. दुधात भिजवलेलं बिस्किट. पिकलेलं केळं. मांजराचं विकतचं खाणं. पावाच्या तुकड्याला टूथपेस्ट, कारण कोणा एकाला त्यावर टोपलीभर मासे मिळाले होते म्हणे. शेवटी दाढीचा साबण. तो त्यानं स्वतःच्या दुकानातून आणला, आणि पाण्यावर फेस आल्यावर आम्ही दोघांनी बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही.

मासे आहेत. पायरीवर बसलं की खाली त्यांची सावली हलताना दिसते. बाटलीजवळ येतात, थांबतात आणि वळतात. जेवायला बोलावून वेगळंच काही वाढलं तर पाहुणा वळेल तसे.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, मन भलतीकडे धावू नये म्हणून. पायरीवर बसलो की पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. घाई नसलेलं कोणीतरी. भुताखेतांच्या भाकडकथांविरुद्ध मी गावोगाव शंभर तरी व्याख्यानं दिली आहेत. एकटा माणूस, सवयीचं घर आणि नुकतंच गेलेलं माणूस, याचं स्पष्टीकरण अवघड नाही. लिहिलं. संपलं.

१२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. बाबा, जेवता का? म्हटलं, जेवतो. बाबा, काय जेवता? तिथे मी अडकलो.

म्हणून आज स्वयंपाक केला. तिच्या हातचे मिरीचे बटाटे करायला गेलो. पातळ काप, तेल, मीठ आणि खूपशी जाडसर मिरी. माझा सगळ्यात आवडता प्रकार. सभेला निघताना मी सांगून जायचो, आज बटाटे कर. मी केलेले मऊ पडले, तव्याला चिकटले. ताटात घेतले, दोन घास खाल्ले आणि उठलो.

ताट तेच, माझं. एका बाजूनं काठ चेपलेलं. वर्षापूर्वी मी तिला म्हटलं होतं, ताट घासतेस की कुटतेस? तिनं ते उलटं करून पुसलं आणि फळीवर ठेवलं.

उरलेले काप टाकायला मन होईना. कापून बाटल्यांत घातले.

१३ फेब्रुवारी

एकतीस मासे.

पहाटे बाटल्या उचलल्या तर आत जागा नव्हती. सलूनवाल्याला बोलावून दाखवलं. त्यानं बाटलीतला तुकडा काढून हुंगला, जिभेला लावला.

"मिरी? मास्तर, तळ्यातल्या माशाला मिरी कुठून ठाऊक?"

मी म्हटलं, तळ्यातल्या माशालाही चव असते. तो मान हलवत गेला. जाताना म्हणाला, यांना कोणीतरी लाडावून ठेवलंय.

१६ फेब्रुवारी

प्रयोग पद्धतशीर करायचा ठरवलं. एका बाटलीत एकच पदार्थ.

करपलेला भात, पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड, थंड दुधात भिजवून: चव्वेचाळीस. उकडलेल्या अंड्याचं पिवळं, मीठ आणि लिंबू पिळून कुस्करलेलं: सव्वीस. नुसतं पिवळं: सहा. नुसता पांढरा भात: चार. मिरीचे बटाटे: बावीस. भोपळा: एकही नाही. वांगं: एकही नाही.

मला गंमत वाटली. भोपळा आणि वांगं मीही खात नाही. खरवड दुधात भिजवून खायची सवय मला लहानपणापासून, त्यावरून घरात सगळे हसायचे. ती माझ्यासाठी भात मुद्दाम थोडा लागू द्यायची. आणि अंड्यावर लिंबू पिळणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मासे भेटले.

माशांची आणि माझी आवड एक. मुलीला फोनवर हे सांगितलं. ती हसली नाही. नेटवर्क गेलं असावं, बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

टाकीत आतापर्यंत दोनशे चार. माळी खूश आहे.

१८ फेब्रुवारी

गाड्या एक तारखेऐवजी चोवीसला येणार. पायाभरणी लवकर उरकायची आहे, पाहुण्यांना तीच तारीख सोयीची. समारंभात मुख्य भाषण माझं. पत्रिका छापून झाल्या.

दवाखाना समितीच्या सचिवांकडे गेलो. माझाच विद्यार्थी. पाच दिवस द्या म्हटलं. कशासाठी, त्यानं विचारलं. मी कारण सांगितलं. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि अगदी आदरानं भिंतीकडे बोट केलं. तिथे फलक लावलाय. 'एक दिवसाचा उशीर म्हणजे एका लेकराशी गद्दारी.' खाली माझं नाव.

"तुमच्याच वाक्यावर आम्ही सगळं उभं केलं, मास्तर," तो म्हणाला. "आता माशांसाठी थांबलो असं लोकांना कसं सांगू?"

मी असतो त्याच्या जागी तर खुर्चीही दिली नसती.

आठवड्याहून कमी दिवस. तळ्यात किती उरलेत कोण जाणे. रोज पन्नास काढले तरी पाणी तेवढंच जिवंत दिसतं.

२० फेब्रुवारी

सुतार भेटला. त्याचं दुकान आमच्या घराला पाठ लावून आहे. मी म्हटलं, काय हो, गावाला गेला होता का? गेला महिना दीड महिना सकाळी तुमचा ठोका ऐकू येत नाही.

वर्षानुवर्षं मी तो आवाज ऐकत आलोय. सभेहून उशिरा यायचो, सकाळी आठपर्यंत झोपायचो. साडेसहाच्या सुमाराला अर्धवट झोपेत तीन ठोके ऐकू यायचे. टक, टक, टक. मग पुन्हा झोप. मला वाटायचं, किती कष्टाळू माणूस. एका भाषणात तर त्याचं उदाहरणही दिलं होतं.

सुतार म्हणाला, मी कधीही नऊच्या आत दुकान उघडलेलं नाही.

वयानं माणूस विसरतो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

२२ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमानं लिहितो.

पहाट झाली होती, मी अर्धवट झोपेत. तीन ठोके ऐकू आले. टक, टक, टक. मनात म्हटलं, सुतारानं दुकान उघडलं. मग सुतार काय म्हणाला होता ते आठवलं आणि मी उठून बसलो.

मागचं दार उघडलं. कोणी नव्हतं. पायऱ्या कोरड्या होत्या. पण खालच्या पायरीला लागून पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं, हाताएवढीही जागा मोकळी नाही. सगळे वर बघत होते, दाराकडे. माझ्याकडे. थोडा वेळ थांबले आणि एकेक करून खाली गेले.

आत आलो. माझं ताट फळीवर होतं, कोरडं. मी हात लावून पाहिलं.

जुना आवाज कानात राहून जातो. याला शास्त्रात कारण आहे आणि मी ते व्याख्यानात सांगितलेलं आहे. पण माशांनी माझी व्याख्यानं ऐकलेली नाहीत.

मग कालचा भात ताटात काढला आणि खाली गेलो. बाटल्यांत भरायचा म्हणून. खरवड ताटाला घट्ट चिकटली होती. सुटावी म्हणून ताट पायरीच्या काठावर आपटलं. न मोजता, तीनदा.

पाणी उसळलं. मघापेक्षा दुप्पट. माझ्या पायांवर शिंतोडे आले.

मी ताटाकडे पाहिलं, मग दगडाकडे. पायरीच्या काठाला खाच पडलीय, बोटभर रुंद, गुळगुळीत. ताटाचा चेपलेला काठ त्यात ठेवून पाहिला. बसला.

म्हणजे ती त्यांना रोज सकाळी खाऊ घालायची. मी झोपलेला असताना. मला कधी बोलली नाही. बोलली असती तर मी काय नाही म्हटलं असतं? मुक्या जिवांवर तिची माया होती. फार मोठ्या मनाची बाई. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मुलीला फोन केला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग जे म्हणाली ते शब्दाला शब्द लिहितो.

"बाबा, ती माशांसाठी रांधत नव्हती. तुमच्यासाठी रांधायची. तुम्ही यायचात आणि म्हणायचात, खाऊन आलोय. शिळं तुम्हाला वाढायचं नाही आणि अन्न टाकायचं नाही. मग जायचं कुठं ते?"

मी विचारलं, आणि ती कधी जेवायची?

"तुमच्याबरोबर," मुलगी म्हणाली. "दोन ताटं असायची बाबा."

२३ फेब्रुवारी

काल दुपारी स्वयंपाक केला. सगळं केलं. मिरीचे बटाटे, लिंबू पिळलेलं अंडं, लागलेला भात आणि दूध. दोन ताटं वाढली. माझं आणि तिचं. तिच्या ताटाचा काठ शाबूत आहे. झाकून ठेवली आणि दोन्हींसमोर बसलो. साडेसात वाजले, नऊ वाजले. थांबणं म्हणजे काय असतं ते मी कधी केलेलं नव्हतं. आधी माणूस दाराकडे बघतो. मग ताटावरच्या झाकणाकडे. मग कुठेच नाही. भूक खरंच जाते.

आज सकाळी सलूनवाला दुकान बंद ठेवून आला. त्याला मी काही सांगितलं नाही. दोन ताटं बघून त्यानं विचारलंही नाही. तिची मच्छरदाणी आम्ही खालच्या पायरीजवळ पाण्यात पसरली. तिथे तळाशी लोखंड नाही, कोणीतरी कधीतरी ते बाजूला ओढून ठेवलंय. मी ताट दगडावर तीनदा वाजवलं आणि अन्न पाण्यात सोडलं. मासे आले. आम्ही चारी टोकं उचलली.

अकरा बादल्या. शाळेपर्यंत सहा खेपा झाल्या. चौथ्या खेपेला सलूनवाला म्हणाला, "मास्तर, हे कित्येक पिढ्यांचं काम आहे. एका ताटावर एवढे मासे होत नाहीत."

मी म्हटलं, दोन.

शेवटच्या वेळी ताट वाजवलं तेव्हा पाणी हललं नाही. तरी आणखी तीनदा वाजवून पाहिलं. कोणी नव्हतं. शब्द पाळला.

२४ फेब्रुवारी

सकाळी नऊला पहिली गाडी आली. दगडमातीचा ढीग पायऱ्यांवरच ओतला. खाच असलेला दगड मागून घ्यायचा राहिला. लक्षात आलं तोवर दुसरी गाडी रिकामी होत होती.

संध्याकाळी समारंभ. मी बोललो. दवाखाना हवा होता आणि तो होतोय, ही चांगली गोष्ट आहे, एवढंच. चार मिनिटं. लोक टाळ्यांची जागा शोधत राहिले. सवयीनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. टोकाची एक खुर्ची रिकामी होती, बाकी सगळ्या भरलेल्या.

पाहुण्यांबरोबर जेवणाचा बेत होता. सचिवानं माझा हात धरला. मास्तर, थांबायचंच. मी म्हटलं, मला घरी जेवायचंय. तो गोंधळला. म्हणाला, घरी कोण आहे आता?

मी सव्वासातला घरी होतो. भात केला, बटाटे केले. ताट वाढून घेतलं आणि सगळं जेवलो. तळाशी काही ठेवलं नाही. ताट घासून पुसून फळीवर ठेवलं.

२५ फेब्रुवारी

जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. शाळेत जायला निघालो आणि लक्षात आलं की माशांना न्यायला घरात काही उरलेलं नाही. तसंच रिकामं ताट घेतलं. म्हटलं, निदान वाजवून बघू, नव्या जागी ओळखतात का.

बागेत माळी झाडत होता. मी टाकीपाशी पोचलो. ताट अजून काखेतच होतं. टाकीच्या एका काठाला सगळे मासे वर आलेले, तोंडं उघडी. पाण्यावर बारीक तरंग होते, आत्ताच काही पडून गेल्यासारखे.

माळ्यानं झाडू थांबवला.

"परत आलात मास्तर? काही विसरलं का?"

मी विचारलं, परत म्हणजे?

"मघाशी वाजवलंत ना ताट. तीनदा. मी तिकडे पलीकडे होतो."

शंभर व्याख्यानं माझ्या तोंडापर्यंत आली. मी हो म्हटलं.

घरी आलो. संध्याकाळसाठी तांदूळ काढून ठेवलेत, दोघांपुरते. भात थोडा लागू द्यायचा आहे. आज कुठेही जायचं नाही.